लिलावातून परत आलेलं चित्र

रविवार, १० फेब्रुवारी १९९१, दुपारचे अडीच. माझ्या बुशकोटाच्या आतल्या खिशात दोन हजार शंभर रुपये होते, सगळ्या शंभराच्या नोटा. जागा धुळ्याच्या देवपूर भागातल्या एका शाळेचे सभागृह. हजर होते ते असे: शाळेचे मुख्याध्यापक, काही शिक्षक, धुळ्यातले कापडवाले आणि सराफ, नवे बंगले बांधणारे दोन डॉक्टर, मुंबईहून आलेले एक दाढीवाले गृहस्थ, सावद्याकडचे एक केळीचे व्यापारी, बोली पुकारायला मार्केट यार्डातून आणलेले नाना, आणि पहिल्या रांगेत जळगावहून आलेल्या वहिनी. मी शेवटून दुसऱ्या रांगेत, भिंतीकडच्या खुर्चीवर होतो. ज्यांच्या चित्रांचा लिलाव होता ते मास्तर, म्हणजे वहिनींचे यजमान, पाच महिन्यांपूर्वी वारले होते.

मास्तर त्या शाळेत चित्रकला शिकवत. त्यांचे घर जळगावला, माझे अमळनेरला, आणि दोघांच्या नोकऱ्या धुळ्यात. मी एका सरकारी कार्यालयात लेखा विभागात होतो. सहा वर्षे आम्ही देवपुरात एका खोलीत राहिलो. खोली नऊ फूट बाय अकरा. दोन खाटा, मध्ये स्टुलावर माठ, कोपऱ्यात स्टोव्ह. मास्तर संध्याकाळी दाराजवळ बसून चित्रे काढत आणि झालेली चित्रे आपल्या खाटेखाली सरकवत. टर्पेंटाइनचा वास चहालाही लागायचा. मी झाडू मारताना त्या चित्रांच्या कडेकडेने मारायचो. ती पुरती उचलून खालची धूळ काढायचे दोघांनाही कधी सुचले नाही.

आम्ही फार बोलायचो असेही नाही. मी बातम्या लावायचो, ते ब्रश धुवायचे. सहा वर्षांत भांडण एकदाच झाले, माठ कोणी भरायचा यावरून, आणि ते दोन दिवसांत मिटले. तरी ते गेल्यावर मला एक वाईट खोड लागली. ऑफिसातून परत आलो की कुलूप स्वतःच्या डोळ्यांनी दिसत असताना मी आधी दार ढकलून बघायचो. पुढे घरमालकाने दुसरी खाट उचलून नेली. जागा मोठी झाली. मोठ्या झालेल्या जागेचे काय करायचे ते मला कळत नव्हते. माठ तेवढा मी स्टुलावर होता तिथेच ठेवला.

शनिवारी रात्री अमळनेरला जायचो. तिथे माझे घर, बायको, दोन मुले. पण आठवड्याचे सहा दिवस ते घर माझ्यावाचून चालायला शिकले होते. रविवारी सकाळी चहा सगळ्यांच्या आधी मला मिळायचा. घरच्या माणसाला चहा आधी देत नाहीत, पाहुण्याला देतात, हे माझ्या हळूहळू लक्षात आले होते. तक्रार करण्यासारखे त्यात काही नव्हते.

लिलावाची कल्पना मुख्याध्यापकांची. मास्तरांची बत्तीस चित्रे शाळेच्या ताब्यात आली होती. ती विकून येणारे पैसे वहिनींना द्यायचे ठरले. मुंबईत म्हणे अशा चित्रांचे लिलाव होतात आणि किमती ऐकून माणूस उठून उभा राहतो. धुळ्यात मात्र चित्रांचा लिलाव कोणी पाहिलेला नव्हता, आणि पुकारा कसा करायचा हेही कोणाला माहीत नव्हते. शेवटी कापसाच्या आणि भुईमुगाच्या बोल्या तीस वर्षे पुकारलेल्या नानांना विनंती केली. आवाज मोठा, माईक लागणार नाही, हेही एक कारण होते.

मुख्याध्यापकांनी माझ्याकडून एक चित्र मागून घेतले. मास्तरांनी ते मला दिले होते, खोलीत माझ्या खाटेच्या डोक्याशी लावलेले होते. "विकायचं नाही हो, नुसतं मांडायला," ते म्हणाले. मी खालच्या कोपऱ्यात लाल शाईने 'विक्रीसाठी नाही' अशी चिठ्ठी लिहून डिंकाने चिकटवली आणि चित्र दिले. त्या रात्री भिंतीवर नुसता खिळा दिसत राहिला. मी दिवा लवकर मालवला.

त्या चित्रात काय होते ते मला सांगता आले नसते. तपकिरी रंग, त्यावर दोन फिकट लांबट तुकडे, एक किंचित पुढे, मध्ये एक काळा ठिपका, आणि उजव्या तुकड्यावरून वर गेलेल्या चार बारीक पांढऱ्या रेघा. दिले तेव्हा मी विचारले होते, "याचं नाव काय, मास्तर?" ते म्हणाले, "नाव नाही. लांबून बघा." नऊ फुटांच्या खोलीत लांबून कुठून बघणार?

महागाई भत्त्याची थकबाकी मिळाली होती, त्यातले एकवीसशे घेऊन जायचे मी ठरवले. बायकोला सांगितले.

"चित्राला एकवीसशे?"

"सगळे खर्च होतील असं नाही. कोणी बोलीच लावली नाही, तर एखादं मी घेईन."

"नाही लावली तर नाही लावली. त्याचं तुम्हाला काय?"

"अगं, ते नाव पुकारणार आणि सगळे गप्प बसणार. वहिनी समोर असतील."

तिने पदर खोचला. मग म्हणाली, "रविवारी तुम्ही नाही म्हणजे दळण मुलाला आणावं लागेल," आणि आत गेली. माझ्या न येण्याने घरात एवढाच फरक पडणार होता.

नानांनी सुरुवातीलाच धोतर सावरून नियम सांगितले. "हे बघा मंडळी, माल कोणताही असो, लिलावाचा ओटा एकच. हात वर करून बोलायचं. तीन वार झाले की मी मालकाला विचारणार, राजी का? मालक राजी तर सौदा झाला. मालक नाराज असेल तर माल परत, पण हमाली त्याच्या अंगावर. आणि मालकानं आपल्याच मालावर बोली लावायची नाही. आमच्याकडे ते फार वाईट समजतात."

लोक हसले. नानांनी आपले दोन हमाल आणले होते. ते भिंतीवरून एकेक चित्र काढून आणत आणि टेबलावर उभे धरत. नाना प्रत्येक चित्रावर सवयीने तळहात फिरवत, कापसाचा धागा बघावा तसा.

पहिले चित्र लळिंगच्या किल्ल्याचे. हे हजारावर जाणार असे शिक्षक आपसात म्हणत होते. एका कापडवाल्याने विचारले, "नाना, भाव फुटाचा का नगाचा?"

"नगाचा, शेठ. फुटावर गेलात तर चौकट कापून द्यावी लागेल."

किल्ला साडेतीनशेला एका डॉक्टरांनी घेतला. पांझरा नदीच्या घाटाचे चित्र तीनशेला गेले. ओळखू येणारी चित्रे अशीच स्वस्तात जात होती आणि मी मनात बेरीज करत होतो. बेरीज वाईट येत होती. आता मास्तरांची ती न कळणारी चित्रे निघणार. मी खिशावर हात ठेवला.

पहिले निघाले ते नुसते लाल, खाली एक काळी पट्टी. नानांनी त्यावर हात फिरवला, परत एकदा फिरवला. "लाल माल," ते म्हणाले. "बोला."

सभागृह गप्प. मी हात उचलणार तोच मुंबईच्या दाढीवाल्या गृहस्थांनी पेन वर केले. "पाचशे."

एका सराफाने मान वळवून त्यांच्याकडे पाहिले, मग चित्राकडे, मग परत त्यांच्याकडे. "सहाशे," तो म्हणाला. त्याला चित्र कळले नव्हते, पण मुंबईचा माणूस पाचशे उगीच म्हणत नाही एवढे त्याला कळले होते. पेन पुन्हा वर. हजार. बाराशे. नानांचा आवाज चढला, मान ताठ झाली, यार्डात हंगामात असावे तसे ते इकडून तिकडे हात फेकू लागले. पाठी टेकून बसलेले लोक पुढे सरकले. दोन हजार, अडीच, तीन. शेवटी अडतीसशेला सराफाचा हात वर राहिला आणि पेन खिशात गेले.

"एक वार, दोन वार, तीन वार! मालकीणबाई, राजी?"

वहिनींनी मान हलवली. टाळ्या पडल्या. मी टाळी वाजवायची विसरलो. तेच लाल चित्र आमच्या खाटेखाली दोन पावसाळे पडून होते, त्यावर एकदा माझ्या हातून दुधाचे पातेले ठेवले गेले होते.

त्यानंतर सगळे बदलले. किल्ले आणि घाट मागे पडले. जे कळत नाही त्याच्यावर उड्या पडू लागल्या. डॉक्टर एकमेकांवर चढू लागले. कोणी "हे आमच्या पडद्यांना जाईल," म्हणाले, कोणी नुसते ईर्ष्येने हात वर करत होते. प्रत्येक वेळी नाना विचारत, "राजी?" आणि वहिनी मान हलवत. माझे एकवीसशे जागच्या जागी होते. त्यांची कोणाला गरज नव्हती. मला आनंद व्हायला हवा होता आणि होतही होता. पण एवढ्या माणसांत त्या खोलीबद्दल एक शब्द बोलायला शेजारी कोणी नव्हते. माझ्या डावीकडची खुर्ची रिकामी होती आणि उजवीकडे भिंत होती.

मग हमालाने आणखी एक चित्र आणून टेबलावर धरले आणि मी ओळखलेच नाही. शेवटून दुसऱ्या रांगेतून टेबल साठ-सत्तर फूट लांब असेल. तपकिरी खोली होती. तिच्यात दोन खाटा होत्या. मध्ये माठ. उजवीकडची खाट थोडी पुढे ओढलेली, कारण दार तिला लागायचे. आणि तिच्या चार कोपऱ्यांवरून मच्छरदाणीच्या चार दोऱ्या वर गेलेल्या. मच्छरदाणी माझ्या खाटेला होती, मास्तर लावत नसत.

माझेच चित्र होते ते. मी सहा फुटांवरून रोज बघितलेले. लांबून बघा म्हणाले होते.

हमालांनी ओळीने भिंत रिकामी करत आणली होती. चिठ्ठी त्यांनी वाचली नव्हती, आणि नानांच्या लेखी ओट्यावर आलेला माल विकायलाच आलेला असतो. मी उठून सांगायला हवे होते. पण सांगायचे काय? त्यांच्या बायकोसमोर, त्यांच्या हातचे चित्र माझे आहे म्हणून? दिले तेव्हा खोलीत आम्ही दोघेच होतो. आणि तेवढ्यात सभागृह पुन्हा गप्प झाले होते. चित्र लहान होते, रंग मळकट. कोणी हात वर करत नव्हते. मी विचार केला, आपणच बोलावे, तीनशे वहिनींना जातील, चित्र घरी येईल, कोणाला काही कळणार नाही.

"तीनशे," मी म्हणालो.

"चारशे." हे केळीचे शेठ. तोवर त्यांनी काहीच घेतले नव्हते, जळगावात नवे घर बांधत होते आणि मोकळ्या हाताने परत जायचे त्यांच्या मनात नसावे.

मी पाचशे म्हणालो. ते सहाशे. मी त्यांच्याकडे बघत नव्हतो. आठशे, नऊशे, हजार. माझा आवाज मलाच वेगळा वाटत होता. लोक माना वळवून बघू लागले, कारण मागच्या रांगेतला हा बुशकोटवाला माणूस कोण ते फारसे कोणाला माहीत नव्हते. पंधराशे. सोळाशे. शेठ प्रत्येक वेळी हसत बोलत होते, त्यांना मजा येत होती. मी एकोणीसशे म्हणालो, ते दोन हजार. मी एकवीसशे म्हणालो आणि खिसा संपला.

"बावीसशे," शेठ म्हणाले.

नाना माझ्याकडे बघत होते. मी मान खाली घातली.

"एक वार. दोन वार. तीन वार! मालकीणबाई, राजी?"

वहिनींनी मान हलवली नाही. त्या उभ्या राहिल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "हे आमचं नाही. ते मागे बसलेत, त्या भाऊजींचं आहे हे."

आधी कोणाला कळले नाही. मग सगळे सभागृह माझ्याकडे वळले. नानांचा चेहरा उतरला.

"भाऊ, माल तुमचा?"

"हो."

"आणि बोलीही तुमची?"

"हो."

"बोली फुगवत होतात का?"

तेवीस वर्षे मी दुसऱ्यांची बिले तपासत आलो होतो. असा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. "फुगवत नव्हतो," मी म्हणालो. "मला ते घरी न्यायचं होतं."

हशा पिकला. शेठ खुर्चीवरून मागे वळले. "अहो भाऊ, चित्र तुमचं, पैसे तुमचे, मग इतका वेळ भांडत कोणाशी होता?"

मी उठून उभा राहिलो.

नानांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केले. "मालकाच्या बोल्या बाद. राहिली शेठची पहिली, चारशे."

"नाही नाही," शेठ म्हणाले. त्यांचे हसू आता गेले होते आणि ते चांगुलपणाने बोलत होते. "मी बावीसशे बोललो ते बोललो. पैसे भाऊंना नको असतील तर बाईंना द्या. काय?"

"ते मालकानं सांगायचं," नाना म्हणाले. "बोला भाऊ, राजी?"

बावीसशे म्हणजे वहिनींच्या घराचा दोन महिन्यांचा खर्च. मी नाही म्हटले तर ते माझ्यामुळे बुडणार, आणि सगळ्यांसमोर बुडणार. वहिनी परत खाली बसल्या होत्या. त्यांनी मागे वळून पाहिले नाही, टेबलाकडेच बघत राहिल्या. बहुतेक मला अवघड होऊ नये म्हणून. हमाल चित्र धरून उभा होता आणि त्याच्या दोन हातांमध्ये दोन खाटा दिसत होत्या.

"नाही," मी म्हणालो.

कोणीतरी मागे "वा रे" म्हणाले. नानांनी दुसऱ्या चित्राला हात घातला. "माल परत. हमाली मालकाकडे." आणि लिलाव पुढे चालू झाला.

साडेचारला सगळे संपले. बत्तीसच्या बत्तीस चित्रे विकली गेली होती. चित्र ताब्यात घेऊन मी व्हरांड्यात वहिनींना गाठले आणि नोटा पुढे केल्या. "वहिनी, हे एकवीसशे ठेवा. मी बोललो होतो तेवढे."

त्यांनी हात मागे घेतले. "भाऊजी, ते त्यांनी तुम्हाला दिलंय. देण्याआधी घरी येऊन मला सांगितलं होतं, खोलीचं चित्र भाऊंना देतोय. मघाशी 'विक्रीसाठी नाही'ची चिठ्ठी दिसली आणि तुमची बोली ऐकली, त्यावरून ओळखलं. मग आता त्याचे पैसे मी कशी घेऊ?"

"पण शेठचे बुडाले."

"बुडू द्या." मग त्या म्हणाल्या, "मला एकदा बघता येईल का? मघाशी पुढे बसले होते, काही कळलं नाही. मी त्या खोलीत कधी आलेच नाही ना. यायचं यायचं म्हणत राहिलं."

"लांबून बघावं लागतं," मी म्हणालो.

व्हरांडा लांब होता. त्या शेवटच्या खांबापाशी जाऊन उभ्या राहिल्या. मी चित्र छातीशी उभे धरले. त्यामुळे मला ते दिसत नव्हते, त्याच्या वरच्या कडेवरून फक्त त्या दिसत होत्या.

त्यांनी मान एकदा इकडे, एकदा तिकडे कलती करून पाहिले. मग म्हणाल्या, "एवढीशीच होती?"

"नऊ बाय अकरा."

"त्यांची कोणती?"

"डावीकडची. मच्छरदाणी नसलेली."

"घरीही लावू द्यायचे नाहीत. म्हणायचे, जाळ्यात झोपल्यासारखं वाटतं. मग रात्रभर आम्हीच डास मारत बसायचो." त्या हसल्या आणि पदर डोळ्यांना लावला. "मधे काय आहे?"

"माठ."

"अजून आहे?"

"आहे."

जळगावची बस साडेपाचला होती. मुख्याध्यापक त्यांना स्टँडवर सोडायला निघाले. जाताना त्या म्हणाल्या, "अमळनेरला गेलात की ताईंना सांगा, एकदा तुम्हा सगळ्यांना घेऊन जळगावला या म्हणावं." मी हो म्हणालो. रिक्षा दिसेनाशी होईपर्यंत चित्र तसेच धरून उभा राहिलो.

मी चिठ्ठी सोलून काढली. डिंकाने थोडा रंगही निघाला, खाली उजवीकडे, तो अजून तसाच आहे. चित्र काखेत घेऊन निघालो तोच फाटकापाशी मघाचा हमाल बिडी विझवत पुढे आला. सगळा माल जाऊन माझाच तेवढा परत आला म्हणून तो गालात हसत होता.

"भाऊ, बठ्ठा माल गया, तुमनाच तेवढा परत शे."

"हमाली किती झाली?" मी विचारले.

त्याने पंजा उघडून दाखवला. माझ्याकडे सगळ्या शंभराच्याच नोटा होत्या. समोरच्या टपरीवर एक मोडून आणली, तोवर चित्र त्यानेच धरले होते. मी त्याला पाच रुपये दिले.